बाळंतिणीचा खुराक: काय खायचं, काय 'बाधतं' आणि कोण ठरवणार?

रानजाई
नमस्कार मंडळी. पहिलटकरीण आहे, सिझर झालंय, बाळ तीन आठवड्यांचं, सध्या मुक्काम माहेरी. इथे आई, मावशी आणि मालिशवाल्या आजी अशी समिती बसलेली आहे आणि माझ्या ताटात काय यावं ते तिथे ठरतं. सकाळी अळिवाची खीर, मग डिंकाचा लाडू, दुपारी बाजरीची भाकरी आणि मेथी नाहीतर शेपू, वर तूप, संध्याकाळी परत लाडू, रात्री मऊ भात. चवीची तक्रार नाहीये, आवडीने खातेय. पण बंदीची यादी त्याच्यापेक्षा लांब आहे. फ्लॉवर, कोबी, वांगं, बटाटा, हरभरा डाळ, राजमा हे सगळं वातूळ. दही, ताक, लिंबू, संत्रं घेतलं की बाळाला सर्दी. केळं थंड. काकडीचं नाव काढायचं नाही. पाणी उकळून कोमट आणि तेही बेताचं, कारण "पोट सुटतं". डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी "सगळं खा" एवढं बोलून विषय संपवला, त्यावर आईचं म्हणणं, त्यांना काय कळतंय, पुरुष माणूस.

बाळ सारखं पाजायला मागतं, पाऊण तास झाला की परत सुरू, त्यामुळे मावशीचा निष्कर्ष असा की हिला दूध पुरत नाहीये, अळीव वाढवा. तर प्रश्न दोन. खाण्याने दूध खरंच वाढतं का? आणि या बंदीतलं किती पाळायचं? आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा घरात येत नाही. अनुभव लिहा, भांडलात तरी प्रेमाने भांडा.

वातूळ_बटाटा
माझ्या नावाचा असा जाहीर उल्लेख झाल्याबद्दल निषेध नोंदवतो आणि वाचत बसतो.

चाफेकळी
अभिनंदन गं! मला पण हीच यादी मिळाली होती, फक्त आमच्याकडे बाजरी "उष्ण" म्हणून बंद आणि केळं चालू. तिथेच शंका आली की हे शास्त्र नसून घराघराचा कायदा आहे.

वॉर्ड_सिस्टर
प्रसूती वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी दुसऱ्या गोष्टीवर बोलते. बाळ सारखं पितंय म्हणजे दूध कमी आहे, हा अर्थ काढू नका. इतक्या लहान बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, आणि संध्याकाळी तर काही बाळं तास दोन तास चिकटूनच बसतात. दूध पुरतंय का हे बाळाच्या लंगोटावरून कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर, फिक्या रंगाची शू होतेय का? जन्मानंतर वजन थोडं उतरतं ते दोन आठवड्यांच्या आसपास जन्माच्या आकड्यावर आलंय का आणि पुढे चढतंय का? हे दोन्ही ठीक असेल तर मावशींना सांगा, अळीव आहे तेवढंच राहू द्या.

आणि दूध वाढतं ते छाती रिकामी होण्याने. बाळ जितकं ओढतं तितकं पुढचं तयार होतं. ओढण्यामुळे मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात, प्रोलॅक्टिनने दूध बनतं, ऑक्सिटोसिनने ते खाली उतरतं. घाबरलेल्या, झोप न झालेल्या, दुखत असलेल्या बाईला पान्हा फुटायला वेळ लागतो तो यामुळे. वॉर्डात "दूध येत नाही" म्हणून रडणाऱ्या दहाजणींपैकी बऱ्याचजणींचं बाळ नुसतं बोंडाच्या टोकाला लटकलेलं असतं, भोवतीचा काळा भाग तोंडात गेलेलाच नसतो. तिथे पातेलंभर खीर पाजली तरी काय होणार. सिझरनंतर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो, पण तुझे तीन आठवडे झालेत, तो टप्पा गेला.

रानजाई
@वॉर्ड_सिस्टर ताई, शू भरपूर, लंगोट वाळत घालायला दोरी पुरत नाहीये. वजन परवा केलं, जन्मापेक्षा चांगलं वर आहे. हे आईला वाचून दाखवलं. मावशीला नाही दाखवलं.

पोषणवाली
आहारतज्ज्ञ आहे, थोडे आकडे देते, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढच्या सहा महिन्यांत ५२०. प्रथिनं पहिल्या सहा महिन्यांत जवळपास १७ ग्रॅम जास्त, कॅल्शियम दिवसाला १२०० मिलिग्रॅम. आता डिंकाचा मध्यम लाडू घेतला तर तूप, गूळ, खोबरं, खारीक मिळून २०० ते २५० कॅलरी सहज. म्हणजे रानजाई, तुझे दोन लाडू आणि खीर इथेच वरचे ६०० संपले, पण प्रथिनं त्या मानाने जेमतेम. डिंक स्वतः बहुतेक तंतूच असतो, त्याने दूध येतं असं कुठे सिद्ध झालेलं नाही. लाडूची ताकद त्याच्या सोबत्यांमध्ये आहे.

लाडू बंद कर असं म्हणत नाहीये हां. फक्त बाकीचं ताट मोठं व्हायला हवं. एक वाटी घट्ट वरण, एक पेला दूध आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यात ते वरचे १७ ग्रॅम भरून निघतात. हे महाग नाही, अवघड नाही, आणि बाळंतिणीच्या ताटात मी पाहते तेव्हा वरणाचं पाणी असतं, वरण नसतं.

कमळकाकू
मुली, जरा या म्हातारीचंही ऐका. दोन सुना, एक लेक, तिघींची बाळंतपणं या हातांनी केली आहेत. लाडूला नावं ठेवणं सोपं आहे. पण लाडू का असतो ते बघा की. रात्री दोन वाजता बाळ अंगावर, एक हात अडकलेला, पोटात आगीचा डोंब. त्या वेळी कोण गरम भाकरी थापून देणार आहे? उशाशी डबा असतो, त्यातला लाडू एका हाताने उचलायचा. आमच्या वेळी सुनेने जास्त खाल्लं तर घरात माणसं ताटाकडे बघायची. "बाळंतीण आहे" म्हटलं की सव्वा महिना तरी तूप, खोबरं, खारीक तिच्या एकटीच्या वाट्याचं यायचं आणि कुणी काही बोलायचं नाही. हे तुमच्या कॅलरीत कुठे बसतं?

पोषणवाली
@कमळकाकू, काकू, हे मात्र शंभर टक्के खरं. मी माझ्या पेशंटना हेच सांगते की रात्रीचा डबा हवाच. त्यात लाडूबरोबर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे पण ठेवा म्हणते.

खान्देशी_तडका
फुटाणे?? आमच्या घरी हरभऱ्याचं नाव काढलं तर आजी काठी घेऊन येईल. "आईने हरभरा खाल्ला, बाळाच्या पोटात कळ". पोषणवाली ताई, हा गॅस दुधातून जातो का नाही ते एकदा नीट सांगाच, आमच्याकडे यावरून घरात दोन पक्ष आहेत.

पोषणवाली
नाही जात. कोबी, हरभरा, राजमा यातले न पचलेले तंतू आणि शर्करा आपल्या मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस होतो. तो गॅस तुमचा, तुमच्या आतड्यातला. दूध बनतं रक्तातून, आणि ते तंतू रक्तात जातच नाहीत. लहान बाळं रडतात ती रडतातच, रडणं साधारण सहाव्या आठवड्याला शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं, आईने फ्लॉवर खाल्ला काय किंवा न खाल्ला काय. नेमकं त्याच काळात घरचे एकेक पदार्थ बंद करत जातात, रडणं आपोआप कमी होतं, आणि श्रेय जातं शेवटी बंद केलेल्या भाजीला.

चव मात्र दुधात उतरते. लसणीचा वास दुधाला येतो. बाळांचं त्याने काही बिघडत नाही, उलट घरच्या चवींची ओळख होते.

वातूळ_बटाटा
निर्दोष सुटका झाल्याबद्दल पोषणवालींचे आभार. कोबी, फ्लॉवर आणि मी आज पार्टी करतोय.

चाफेकळी
@पोषणवाली एक पुरवणी जोडते, कारण आम्हाला अपवाद भोगावा लागला. माझा मुलगा दीड महिन्याचा असताना शी मध्ये रक्ताचे बारीक धागे दिसायला लागले, अंगावर पुरळ, वजन वाढायचं थांबलं. डॉक्टरांनी सांगितलं गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी, ते प्रथिन आईच्या दुधातून थोडं उतरतं. मला दूध, दही, पनीर, तूपसुद्धा बंद. घरात सुतक आल्यासारखं वातावरण, बाळंतीण आणि दूध बंद? सासूबाई म्हणाल्या डॉक्टर बदलू. पण दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला. कॅल्शियमसाठी नाचणीची आंबील, तिळाची चटणी, राजगिरा आणि गोळ्या असं चालवलं. मुलगा आता व्यवस्थित ताक पितो. सांगायचा मुद्दा, बंदी घालायची तर बाळाच्या अंगावर काहीतरी दिसत असेल तेव्हा, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि एकाच गोष्टीवर. सरसकट यादी नको.

पोषणवाली
+१. नाचणी बरोब्बर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

शंकेखोर
सगळं ठीक पण अळीव, मेथी, शतावरी यांनी दूध वाढतं याला पुरावा काय? बायकोसाठी शतावरीचा डबा आणलाय, वास चांगला आहे, बाकी परिणाम म्हणाल तर मी चमचाभर खाल्ली आणि मला काही दूध आलं नाही.

अर्धवट_वैद्य
नावावर जाऊ नका, शिक्षण पूर्ण झालंय. शतावरी स्तन्यजनन, म्हणजे दूध वाढवणारी, म्हणून ग्रंथांत आहे आणि मी देतोही, पण सरसकट नाही. आयुर्वेदात सूतिकाकाळ दीड महिन्याचा धरलाय, आणि त्यात पहिली गोष्ट बघायची ती अग्नी, म्हणजे पचनशक्ती. बाळंतिणीची भूक मंद असते, आधी पेज, मुगाचं कढण असं हलकं, भूक वाढेल तसा स्नेह, म्हणजे तूप-तेल, वाढवायचा. भूक नसताना पहिल्या दिवसापासून वाटीभर तूप ओतायचं असं आयुर्वेद सांगत नाही, ती आपल्या घरातली भर आहे. "आयुर्वेदात लिहिलंय" म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बंदीतलं निम्मं मला ग्रंथात सापडलेलं नाही. आणि एक हात जोडून विनंती, काढे ठीक, पण भस्मं आणि रसकल्प (धातूंची, पाऱ्याची औषधं) कुणी दिले म्हणून पाजत्या बाईने घेऊ नयेत.

शंकेखोर
म्हणजे पुरावा आहे का नाही?

पोषणवाली
@शंकेखोर मेथी आणि शतावरीवर छोटे छोटे अभ्यास आहेत, काहींत थोडा फायदा दिसतो, काहींत शून्य, ठाम काही म्हणता येत नाही. मेथीची भाजी, लाडवातली मेथी याने कुणाचं वाईट होत नाही. कॅप्सूल आणि पावडरी भरभरून घेणं वेगळं, मेथीने साखर उतरते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भानगड, आणि शेंगदाणे-हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीची पण होऊ शकते.

अळीव मला वैयक्तिक आवडतं, लोहासाठी चांगलं. पण आपण ते दुधात शिजवतो, आणि दुधातलं कॅल्शियम लोह शोषायला आड येतं. नारळाच्या पाण्यात भिजवा, वर लिंबू पिळा, सी व्हिटॅमिनने लोह जास्त लागू पडतं. आता गंमत बघा, रानजाईच्या घरी अळीव सक्तीचं आणि लिंबू बंद.

वॉर्ड_सिस्टर
लोहाचा विषय निघालाय तर लाल गोळ्या विसरू नका. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी सांगितली आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. कॅल्शियमच्या गोळ्याही सहा महिने. दोन्ही एकत्र घेऊ नका आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. बायका काय करतात, बाळ झालं की पिशवीतल्या उरलेल्या गोळ्या फडताळात टाकतात, "आता कशाला, पोटात थोडंच आहे". रक्त गेलेलं असतं ते तिचं.

सुगरण_नसलेली
पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते, लाजलज्जा बाजूला ठेवून. सिझर, वर लोहाच्या गोळ्या, पाणी बेताचं, पालेभाजी "बाळाला हिरवी शी होते" म्हणून बंद, फळं बंद, आणि खायला तूप-भात. काय होणार? बद्धकोष्ठ. टाके ओले असताना कुंथायचं म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत, शेवटी मूळव्याध घेऊन सर्जनच्या दारात. त्यांनी विचारलं दिवसाला पाणी किती, मी म्हटलं चार पेले, ते नुसते बघत राहिले. पोट सुटतं ते पाण्याने नाही सुटत बायांनो, नऊ महिने ताणलेल्या स्नायूंना वेळ लागतो.

पोषणवाली
अगदी. पाजायला बसलं की तहान लागते ती लागू द्या आणि प्या, शेजारी तांब्या भरून ठेवा. उलट टोकाला पण जाऊ नका, तहान नसताना चार-चार लिटर ढोसून दूध वाढत नाही, फक्त बाथरूमच्या फेऱ्या वाढतात.

खान्देशी_तडका
चहा?

पोषणवाली
दोन-तीन कप चालतो. कॅफीन दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, बाळ फार जागं राहतंय, किरकिरतंय वाटलं तर कमी करा. जेवणाबरोबर नको, चहा लोहाच्या आड येतो, सिस्टरनी वर गोळीबद्दल सांगितलंय तसंच.

खान्देशी_तडका
देव तुमचं भलं करो.

दर्यावर
शाकाहारी धाग्यात घुसतोय, माफी असावी. आमच्या मालवणाकडे बाळंतिणीला मोरी हा मासा देतात, पान्हा वाढतो म्हणतात, नायतर मुडदुशी. माझ्या आवशीन सुनेसाठी बाजारातून निवडून मोरी आणली, सुकी करून घातली. बायको शहरातली, तिने मिटक्या मारत खाल्लीन आणि नंतर विचारलं हा कुठला मासा. मी सरळपणे म्हटलं शार्क, लहान असतो तो. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण तब्येतीला मोरी चांगलीच ना?

पोषणवाली
@दर्यावर दादा, बायकोची बाजू घ्यावी लागेल. शार्कच्या जातीचे मासे दुसऱ्या माशांवर जगतात आणि वर्षानुवर्षं अंगात पारा साठवतात. पाजणाऱ्या बायकांनी टाळायच्या माशांच्या अमेरिकेतल्या सरकारी यादीत शार्क आहे. मोठी सुरमई ज्या कुळातली, त्यातला किंग मॅकरेल पण त्या यादीत आहे. एकदोनदा खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही, पण महिनाभर रोज औषध म्हणून नको. बांगडा, तारली, मांदेली खायला घाला, आकाराने लहान, पारा कमी, आणि तेलकट माशातलं डीएचए (ओमेगा-३ प्रकारचं फॅट) दुधात उतरतं, बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागतं ते. मुडदुशीला माझी हरकत नाही.

दर्यावर
बांगडो तर आम्ही असोच खातो, त्याका औषध कोण म्हणतला! बरं, आवशीक सांगतंय. बायकोला तुमचा प्रतिसाद दाखवणार नाही.

पोषणवाली
आता मूळ पोस्टमधल्या एका वाक्यावर येते, जे मला सगळ्यात जास्त खटकलंय: "शाकाहारी, अंडं नाही" आणि दही-ताक बंद. दुधातली काही द्रव्यं आईच्या खाण्यावर फारशी हलत नाहीत. कॅल्शियम, लोह दुधात जवळपास तेवढंच जातं, कमी पडलं तर शरीर आईच्या साठ्यातून उचलतं, आईची हाडं झिजतात पण बाळाला मिळतं. पण बी १२ तसं नाही. आईत नसेल तर दुधातही नाही. पूर्ण शाकाहारी घरात बी १२ फक्त दूध, दही, ताक, पनीर यातूनच येतं, आणि आपण नेमकं तेच "थंड" म्हणून काढून घेतो. आईला नुसता थकवा, मुंग्या येतात, त्या बाळंतपणाच्या नावावर खपतात. बाळ मात्र सहा महिन्यांनंतर मंद व्हायला लागतं, हसायचं कमी होतं, धरायला लागलेली मान सोडतं, केस विरळ, बोटांच्या सांध्यांवर काळपटपणा, काहींना हातापायांना कंप सुटतो. बालरोगतज्ज्ञ याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात आणि आपल्या देशात तो अजून दिसतो. वेळेत बी १२ दिलं तर बाळ सुधारतं, पण उशीर झाला तर मागे काही राहू शकतं. रानजाई, रक्ताची बी १२ तपासणी करून घे आणि डॉक्टरांना गोळीबद्दल विचार. बाळाला डी व्हिटॅमिनचे थेंब चालू आहेत ना? रोज ४०० युनिट, ते आईच्या दुधात पुरेसं नसतं, कितीही तूप खाल्लं तरी.

रानजाई
थेंब चालू आहेत. बी १२ गरोदरपणी एकदा कमी आलं होतं, तेव्हा इंजेक्शनं घेतली, नंतर कुणी परत तपासलंच नाही. उद्याच जाते. आणि आज दुपारी आईने स्वतःहून वाटीभर ताजं दही दिलं, मावशी घरी नव्हती तेव्हा.

मध्यरात्रीचा_बाबा
बाप लोकांनी या धाग्यात लिहिलं तर चालेल का? पाजता येत नाही पण बाकी सगळं करता येतं हे मला इथेच एका जुन्या धाग्यात कुणीतरी सुनावलं होतं. मी रात्रीचा डबा आणि तांब्या भरतो, बाळाला पाजून झालं की ढेकर काढायला घेतो, आणि पाहुण्यांना "ती झोपलीय" म्हणून दारातून परत पाठवतो. तिसरं काम सगळ्यात उपयोगी पडलं. येणारी प्रत्येक काकू "दूध पुरतंय का गं?" विचारून जायची आणि बायको पुढचे दोन तास रडायची.

कमळकाकू
@मध्यरात्रीचा_बाबा, बाळा, तुझ्यासारखे दोन जावई मिळाले असते तर. मी पण विचारायची तेच, आता विचारणार नाही.

आशा_पल्ला
तुम्ही तूप किती यावर बोलताय, मी ज्या भागात काम करते तिथे बाळंतीण पंधराव्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन चढ चढते. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने एक वेळचं गरम जेवण मिळतं. भाकरी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं. बायका येतात, जेवतात, आणि बऱ्याचदा त्यातलं अर्धं पदरात बांधून थोरल्या पोरासाठी नेतात. मी रागावते, मग रागवायचं सोडते. आमच्याकडे वातूळ-बितूळ कुणी म्हणत नाही, मिळालं ते खातात. पण मिश्री सुटत नाही. दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार वेळा तंबाखू, निकोटिन दुधातून बाळाच्या पोटात. शहरातही आहे हे, मालिशवाल्या बायांकडे डबी असतेच. त्यावर पण बोला कुणीतरी.

वॉर्ड_सिस्टर
@आशा_पल्ला, ताई, मिश्रीचं अगदी बरोबर. वॉर्डात उशीखाली सापडते. मिश्री लावायचीच असेल तर निदान पाजून झाल्यावर लगेच लावा म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत थोडं उतरतं, असं मी सांगते, कारण "सोड" म्हटलं तर फक्त माझ्यापासून लपवतात. आणि खाटेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या बंद करून शेक घेणारे कुणी वाचत असतील तर कृपया, खोली उघडी ठेवा. कोळशाचा धूर जिवावर बेततो.

जास्वंद_ऑफिसवाली
थोडं अवांतर. दोन महिन्यांत ऑफिसला जायचंय, पंप घेतलाय. कामाच्या दिवसांत काय खावं? आणि आता वजन पण कमी करायचंय, जुने कपडे कपाटातून बघून हसतात.

पोषणवाली
घाई नको. पहिले दीड-दोन महिने वजनाचा विचारच नको, नंतर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरलं तर दुधावर परिणाम होत नाही. रात्रीचं जेवण बंद, फक्त सूप, असले प्रकार केलेस तर दूध नंतर आटेल, आधी तुझे केस गळतील आणि चिडचिड होईल. ऑफिसला डब्याशिवाय मधल्या वेळचं काहीतरी हवंच, थालीपीठ, उसळ, दाण्याची चिक्की, जे एका हाताने खाता येईल. काढलेलं दूध बाहेर चार तासांपर्यंत, उन्हाळ्यात त्याहून कमी समज, फ्रीजमध्ये चार दिवस.

चाफेकळी
@जास्वंद_ऑफिसवाली, आणि मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, मागून घे. मला जास्तीचं दूध यायचं, मी दूधपेढीला दिलं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झालेली पेढी आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांची बाळं त्यावर जगतात.

शंकेखोर
तर मूळ प्रश्नाचं उत्तर काय ठरलं? मला बायकोला एका ओळीत सांगायचंय.

सुगरण_नसलेली
एका ओळीत: तिला वाढ, मग तू जेव.

गोडघाशी
उशिरा आले, पण माझा प्रश्न राहिलाय. गरोदरपणी साखर वाढली होती, इन्सुलिन होतं, आता बंद केलंय. सासरहून पाच किलो डिंकाचे लाडू आलेत. काय करू? नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल.

पोषणवाली
@गोडघाशी बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घे, बऱ्याचजणी तिथेच चुकवतात आणि चार-पाच वर्षांनी डायबेटिस घेऊन येतात. पाजत राहणं तुझ्यासाठी चांगलंच आहे, पुढे डायबेटिस होण्याचा धोका त्याने कमी होतो. लाडू दिवसाला अर्धा, तो पण जेवणाच्या शेवटी, रिकाम्या पोटी नाही. बाकीचे वाटून टाक. गूळ "नैसर्गिक" म्हणून साखरेहून सौम्य असतो असं नाही, रक्तात दोन्ही सारखेच वागतात.

कमळकाकू
@गोडघाशी, पुढचे लाडू घरी करशील तेव्हा गूळ निम्म्यावर आण, खारकेची पूड वाढव, तीळ आणि भाजलेल्या डाळ्याचं पीठ घाल, गोडीही बेताची राहते आणि लाडू वळतोही. खारीक पण गोडच आहे, तेव्हा अर्धाच खायचा हे पोषणवालीचं पाळ. डिंक आधी उन्हात वाळवून ज्वारीच्या दाण्याएवढा फोडून घे, मोठे खडे राहिले तर वरून फुलतात आणि आत कच्चे राहतात, मग टाळूला चिकटतात. तूप गरम झालं की आच मध्यम करून एका वेळी थोडाच टाक, सगळा एकदम टाकलास तर तूप गार पडतं आणि फुलतच नाही.

वातूळ_बटाटा
काकू, वाटून टाकायच्या पाच किलोंसाठी पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बाळंतपणाची अट नाही ना?